आत्याने राखून ठेवलेलं नाव

कशेळ्याला सुनंदाताईची पिठाची गिरणी आहे. बाई फणसासारखी; बोलणं काटेरी, आत गरे. आईमागे तिनेच धाकट्या किशोरला वाढवलं. तो नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला गेला आणि तिकडचीच बायको केली. मुलगी झाली तेव्हा नावही बायकोनेच ठरवलं. आत्या फुगली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि हिला कुणी विचारलंसुद्धा नाही!

किशोरने ते इंग्रजीत लिहून पाठवलं. शेजारच्या समीक्षाने अक्षरं जुळवत वाचलं, "नियाम्ह."

"पोरीचं नाव हाय का सरकारी नियम गं?"

मग किशोरनेच म्हणून दाखवलं, नीव्ह. तिकडे म आणि ह शेजारी आले की व्ह होतो म्हणे. अर्थ, तेज. सुनंदाताईला नाव आवडलं, पण कबूल कशाला करतेय! गिरणी सुरू असली की ती पुटपुटत बसायची. शेवटचा 'व्ह' ओठावर नीट बसायला बरेच दिवस गेले.

भावापुढे मात्र एकच हट्ट. "बारशाला घेऊन ये. मी कानात सांगीन तवाच नाव. तवर ती नुसती बाय."

निदान नावासाठी तरी भाऊ घरी येईल, हा तिचा कावा होता.

दिवाळी झाली आणि किशोरचा फोन आला. बाळ जरा बरं नाही, दवाखान्यात आहे. "ताई, मी फोन तिच्या कानाशी धरतो. म्हण ना नाव."

"फोनवर कसलं रं बारसं? बरी झाली की आण. मी काय पळून जात नाय."

बहिणीला घोर नको म्हणून आजार किती मोठा, ते त्याने सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात पोर गेली.

फोन आला तेव्हा बाया दळणाचे डबे घेऊन उभ्या होत्या. सुनंदाताईने गिरणी बंद केली. रडू नंतर आलं, आधी स्वतःची चीड आली. एवढासा मान, त्यापायी पोरीला आत्याचा आवाजसुद्धा ऐकू दिला नाही.

"कुठं हाय रं ती?"

"माझ्या मांडीवर हाय, ताई. अजून नेली नाय."

"कानाला फोन लाव तिच्या."

किशोरने लावला.

"कुर्र... नीव्ह," ती म्हणाली.

बारशाला नाव घेतलं की बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. इथे कुणाचा हात उठला नाही. पलीकडून किशोर हुंदके देत म्हणाला, "बरोबर म्हणलीस, ताई. अगदी तिच्या आईसारखं."