टेलिफोनचं गाणं आणि आमचे फुवा

कोणतं गाणं साफ पडणार, हे महिना-दीड महिना आधी छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. फरक एवढाच, की तो बिचारा समजायचा, आपण चालणारं गाणं सांगतोय. आमच्या खानदेशात आत्याला फुई आणि तिच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. सुरतेत गुजराती शेजाऱ्यांकडेही फोई-फुवाच, त्यामुळे गोडादऱ्याच्या त्या सोसायटीत लहानमोठे सगळे त्यांना फुवाच म्हणत. एरवी ते लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात मास्तर, आणि लग्नसराईत बँडमास्तर. लाल कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या, तुऱ्याची टोपी आणि हातात क्लॅरिनेट. कोटाची मधली दोन बटणं पोटाने केव्हाच उडवून लावली होती, तिथे फुईने सेफ्टी पिना लावल्या होत्या. वाजवताना फुवा जोरात श्वास घेत, आणि मी दर वेळी त्या पिनांकडे जीव मुठीत धरून बघत असे.

आता बँडवाल्याने गाणी ओळखत कशाला बसायचं, जे चालतंय ते वाजवावं की, असं तुम्ही म्हणाल. मीही एकदा म्हणालो होतो आणि त्यावर अर्धा तास व्याख्यान ऐकलं होतं. फुवांचे सगळे वादक लूमवर काम करणारे. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रात्रपाळीला. सगळे एकत्र भेटणार ते फक्त कारखान्याच्या सुटीला. ट्रम्पेटवाल्याचा मुखडा बसेपर्यंत ढोलवाला अंतरा विसरलेला असायचा. एक गाणं बसवायला महिना जायचा, आणि तोवर ते गाणं शिळं होऊन नवऱ्या मुलाचे मित्र दुसरंच मागू लागायचे. ते दिवस सुट्या गाण्यांचे होते. सिनेमा नाही, गोष्ट नाही. कुणीतरी एक पोरगा उठायचा, केबलवर चार मिनिटं नाचायचा, आणि एक तर देशभर गाजायचा नाही तर पुन्हा कधी दिसायचा नाही. तेव्हा लग्नसराईच्या आधीच चालणारं गाणं हेरून बसवून ठेवायचं, हा फुवांचा बेत. त्यात घाई अशी होती, की लोक आता बँडाऐवजी टेंपो सांगू लागले होते. टेंपोवर माणसाएवढे स्पीकर, आत एक कॅसेट. तिला सराव लागत नाही आणि दिवसपाळी-रात्रपाळीही नसते. "एखादं साल हातनं गेलं ना, तर संपलाच आपला बँड," असं फुवा म्हणायचे, आणि ते काही उगाच म्हणत नव्हते.

पहिल्या वर्षी त्यांनी कॅसेटवाल्याचं ऐकलं. आमच्या भागातला हा कॅसेटवाला प्रत्येक कॅसेट हातात घेऊन एकच वाक्य बोलत असे, "आ तो चालवानी ज!" चालणारच म्हणजे चालणारच. पडली, की त्याच तोंडाने, "में तो पहेलेथी ज कह्युं हतुं," म्हणजे मी आधीच सांगितलं होतं. असला माणूस कधी चुकत नाही, त्यामुळे सगळे त्याला जाणकार मानायचे. त्याने फुवांना एक गाणं दिलं. त्यात बर्फाचे डोंगर, परदेशी बाया, गळ्यात मफलर घातलेला गायक आणि बासरी. महिनाभर खपून त्यांनी ते बसवलं आणि भेस्तानच्या एका वरातीत वाजवलं. वरात जागच्या जागी उभी राहिली. नाचणारी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. नवरदेवाची आजी आरती सुरू झाली समजून हात जोडून उभी, आणि घोडीने चक्क डोळे मिटले. शेवटी नवरदेवच वरून ओरडला, "काका, दुसरं काही नाही का?" त्या वर्षी चाललं ते कुणा काटकुळ्या पोराने गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे नाचून म्हटलेलं गाणं. फुवा कपाळावर हात मारून म्हणाले, "याले काही नियम शे का नही?"

पण हार मानतील तर ते फुवा कसले! दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःचं शास्त्र काढलं. जे गाणं लूमच्या खटखटीत बसेल तेच सुरतेत चालणार, असं म्हणून टेपरेकॉर्डर थेट कारखान्यात नेला. तिथे शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, गाणं कुठलं ऐकू येणार? मग फुवा कामगारांच्या पायांकडे बघत बसले. एका गाण्याला एकाचा पाय हलला. "हाई गानं गाव हालाई टाकी!" असं सगळ्यांना सांगत फिरले आणि तेच बसवलं. ते सपशेल आपटल्यावर त्या कामगाराने कबूल केलं, की त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मला स्वतःला नाट्यसंगीताचा कान आहे, निदान मी तसं सांगत असतो. पुढच्या खेपेला त्यांनी माझा सल्ला घेतला. त्या गाण्याचं काय झालं ते मी इथे सांगणार नाही.

आणि खरं सांगायचं तर, सगळं उत्तर त्यांच्या घरातच जमिनीवर बसलेलं होतं. फुई दिवसभर साड्यांना टिकल्या लावायचं काम करायची. मांडीवर साडी, तोंडात दोरा, आणि गाण्याबिण्याशी तिला काडीचं देणंघेणं नाही. एका रविवारी मी तिथे जेवायला गेलो होतो. फुवांनी नव्या गाण्यांची कॅसेट लावली. एकामागून एक गाणी होत होती आणि फुई आपली टिकल्या लावत होती. शेवटचं गाणं लागलं; त्याच्या धृपदात अर्थाचा म्हणून एक शब्द नव्हता. ते सुरू होऊन दोन ओळी होतात न होतात तोच फुई कडाडली, "बंद करा ते! मन्हं डोकं उठनं!" फुवांनी घाबरून बटण दाबलं. दोन महिन्यांत तेच गाणं प्रत्येक पानाच्या गादीवर! मग फुवांना एकेक आठवू लागलं. गच्चीवालं गाणंही तिने असंच बंद करायला लावलं होतं. त्याच्या आधीचं छत्रीवालंही. जे गाणं तिच्या डोक्यात घुसून टिकल्यांची ओळ चुकवी, त्याच्यावर ती खेकसायची. बाकीची तिच्या कानावरून निघून जायची. फुवांनी माझा दंड धरला आणि कुजबुजले, "भाऊ, देव घरात अन् आपण गावभर फिरतोय!"

त्या लग्नसराईत फुवांच्या बँडने फुईच्या शिव्या खाल्लेली गाणीच तेवढी वाजवली, आणि काय सांगू तुम्हांला! लिंबायतपासून कामरेजपर्यंत फुवांच्याच बँडाच्या सुपाऱ्या. पोरं दातांत रुमाल धरून रस्त्यावर लोळायची. सगळ्यांना नव्या टोप्या आल्या. फुवांच्या कोटालाही खरी बटणं बसली. आणि नेमका ट्रम्पेटवाला कुठेतरी चहा पिताना फुईचं गुपित बोलून गेला.

पहिला आला कॅसेटवाला, सुरती घारीच्या मिठाईचा डबा घेऊन. "फोई, आ गीत चालशे के नहीं, एटलुं कहो." मागोमाग आला एक साडीवाला शेठ. सुरतेत गाजलेल्या गाण्याचं नाव साडीला देतात, आणि साडी छापायची तर गाणं गाजायच्या आधी कळायला हवं. म्हणजे दुखणं फुवांचंच, फक्त आकाराने मोठं. असले मोठे लोक यायला लागल्यावर फुईला जमिनीवर कसं बसवायचं? फुवांनी खुर्ची आणली. फुई खुर्चीवर बसली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. तोंडात दोरा नाही, मांडीवर साडी नाही, समोर माणसं हात जोडून बसलेली. मग माणूस विचार करणारच! ती शेजारणीच्या टीव्हीवर गाण्यांचे नंबर सांगणाऱ्या बायका बघू लागली. महिन्याभरात म्हणू लागली, "मुखडा बरा शे, पन अंतरामा दम नही." मी थक्क झालो. माझ्या बाजूला ट्रम्पेटवाला बसला होता, त्याने मान डोलावली, म्हणून मीही डोलावली. फुई डोळे मिटून म्हणायची, "पब्लिकले आवडी." फुवा कळवळून म्हणायचे, "पब्लिकचं सोड ना, तुले काय वाटस?" त्यावर फुई म्हणायची, "थांबा. इचार करू द्या."

आणि मग शेठच्या मुलाचं लग्न ठरलं. दोनच गाण्यांतून एक निवडायचं होतं. पहिलं चपलेचं. देवळाबाहेर एकाची चप्पल हरवते आणि तो ती शोधत फिरतो, बस्स, एवढंच गाणं. ते लागल्या लागल्या फुईच्या कपाळाला आठी पडली, तोंड उघडलं, मी म्हटलं आता कडाडणार! पण समोर शेठ बसले होते. तिने तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चप्पलवर कधी गानं ऱ्हास का? लगीनमा कोन वाजाडी?" दुसरं टेलिफोनचं. नायक फोन लावतो आणि नायिका सारखी दुसऱ्याशीच बोलत असते. फुईने सांगितलं, आता घरोघरी फोन येताहेत, हेच चालणार. एवढं मुद्देसूद बोलणं ऐकून शेठ खूश झाले. त्यांनी साडी छापली. पदरावर रिसीव्हर आणि काठाला वेटोळी वायर! वरात म्हणजे तिकडचा वरघोडो, तो फुवांच्या बँडाचा, हेही ठरलं. बाजारातले सगळे व्यापारी येणार होते. इथे रंग भरला, की पुढची वर्षं काळजी नाही. पण शेठच्या पुतण्याने हौसेने एक टेंपोही सांगून ठेवला होता, तो मागे उभा राहणार होता. फुवा मला म्हणाले, "आज टेंपो तरी ऱ्हाई, नही तर मी तरी."

संध्याकाळी वरघोडो निघाला. शेठने मानाने बोलावलं म्हणून फुईही आली होती, अंगावर तीच टेलिफोनची साडी, बायकांच्या घोळक्यात अवघडून. बँडने टेलिफोनचं गाणं सुरू केलं. फुवा क्लॅरिनेटवर घंटीसुद्धा वाजवत होते. लोक सभ्यपणे ऐकत होते. वरातीत लोक सभ्यपणे ऐकू लागले, की समजावं काय ते. दुसऱ्यांदा तेच वाजवलं, तसा मागून टेंपो घरघरला आणि त्यातून चपलेचं गाणं बाहेर पडलं. काय झालं ते मला सांगता येत नाही. नवरदेवाच्या मामाने खरोखरची चप्पल काढून डोक्यावर धरली. व्यापारी, पोरं, बाया, सगळे मागे पळाले. घोडीसुद्धा मागे वळवली. आणि बँड पुढे चालत राहिला. बँडमास्तर वरातीकडे तोंड करून उलटा चालतो, त्यामुळे फुवांना सगळं दिसत होतं. बाकीच्यांना काही पत्ता नव्हता, ते मान खाली घालून वाजवत होते. पाहता पाहता वरात तिकडे चौकात राहिली आणि नुसता बँड रस्त्यावरून पुढे निघाला. मी कडेने चालत होतो. मला वाटलं, आता फुवा हात वर करतील आणि थांबवतील. फार लाजिरवाणं वाटत होतं.

तेवढ्यात त्या घोळक्यातून फुई बाहेर आली. डोक्यावर पदर घेतला आणि भराभर चालत बँडाच्या मागे आली. तिथे आल्यावर मात्र तिने चाल संथ केली, वरातीत बाया चालतात तशी. नाचली नाही, रडली नाही. पदरावरचे रिसीव्हर सावरत एकटीच चालत राहिली. फुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या वाजवण्यात जी काही जान आली, ती मी त्यांच्या एकाही यशस्वी वरातीत ऐकली नव्हती. हॉल येईपर्यंत ते तिच्याकडे तोंड करून उलटे चालत होते. तिथे पोचल्यावर मी रागानेच विचारलं, "थांबलात का नाही?" तर घाम पुसत म्हणाले, "मांगे एक मानूस चाली ऱ्हायना व्हता ना! मंग बँड कसा थांबाडू?"

त्यानंतर बँड टिकला नाही. एकेक वादक गेला. काही टेंपोवालेच झाले. फुई पुन्हा टिकल्या लावायला बसली, आणि गाण्यांबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. साडी कुठे विकली गेली असेल, देव जाणे. फुवा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा गोडादऱ्याला गेलो होतो, तर मनात आलं, ते टेलिफोनचं गाणं एकदा म्हणून बघावं. चाल काही केल्या आठवेना. जीभ उचलली की चपलेचं गाणं सुरू. फुईला विचारलं. तिने दोरा तोंडातून काढला, डोळे मिटले, गुणगुणायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला तिचीही चप्पल झाली. आम्ही हसलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र दोघांनाही हसू आलं नाही. फुई बराच वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. मग खाली बघतच म्हणाली, "त्यास्लेच येत व्हतं ते."