मी बिघडवलेले काटे

न्यूझीलंडहून फोन आला तेव्हा मी इकडे परदेशात, वेरिबीत, मुलीच्या घराच्या गॅरेजमध्ये होतो. शरयू दारात येऊन म्हणाली, "बाबा, मंदार पडला." जावई पडले म्हणजे लागलं असेल, एवढंच वाटलं मला. ती दारातच खाली बसली, तेव्हा कळलं, ते गेले. सहा आठवडे झाले त्याला.

माझं शिक्षण चौथी. साताऱ्याकडे जन्मभर लोहारकी केली. जावई इंजिनिअर, पण माझा हात मानायचे. सुट्टी मिळाली की समुद्रापलीकडे न्यूझीलंडात बर्फाचे डोंगर चढायला जायचे. एकदा म्हणाले, "बाबा, तिथली डोंगराची सोंड भिंतीसारखी उभी, बर्फ काचेसारखा, दोन्हीकडे दरी. बुटाला बांधलेल्या काट्यांच्या पुढच्या दोन टोकांवर उभं राहायचं, बस्स." ते पोलादी काटे धार लावायला माझ्याकडे दिले. "मशीनवर नको हं, हाताने कानस मारा. तापलं तर मऊ पडतं."

"लोखंड मला शिकवता, जावईबापू? तुम्ही लॅपटॉप सांभाळा."

आणि हट्टाने मशीनवरच घातले. टोकं निळी पडली. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, हे मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलोय. तरी पॉलिश पेपरने निळं घासून काढलं, चकचकीत करून दिले आणि तोंड उघडलं नाही. ते धडधाकट परत आले, मी म्हटलं निभावलं. पुढे दर वेळी निघताना काटे घेऊन यायचे, "बाबा, जरा हात फिरवा." मी कानस फिरवायचो. उतरलेलं पाणी कानशीने थोडंच परत येतं?

गेल्या आठवड्यात क्लेटनहून त्यांचा मित्र अनिकेत आला. त्या दिवशी सोंडेवर तोच त्यांच्याबरोबर होता. शरयूच्या समोर मी सगळं कबूल केलं आणि विचारलं, "टोक वाकलं का रे?"

"काका, कडेचा बर्फच तुटला. आणि तुम्ही धार लावलेले तो घालायचाच नाही."

"म्हणजे?"

"पहिल्याच वेळी ओळखलं त्याने. नवे घेतले, ते माझ्याकडे ठेवायचा. मी म्हटलं, अरे मेट, सांगून टाक की त्यांना. तर म्हणाला, इथे बाबांना त्यांच्या हातचं दुसरं काम काय आहे? राहू दे."

शरयूने मान डोलावली. तिलाही माहीत होतं.

सुटलो असं वाटायला हवं होतं... नाही वाटलं. ज्यांची माफी मागायची ते तर गेले. ती दोघं आत गेल्यावर मी जावयांच्या गाडीची डिकी उघडली. जुन्या टॉवेलात काटे गुंडाळलेले, तेल लावलेले. आणि एकेका टोकावर रबराचं टोपण, माझी धार बोथट होऊ नये म्हणून.