गोंदखात्यातली मावशी

मावशीचे डोळे कायम लाल आणि पाणावलेले असत, पण तिला रडताना मी कधी पाहिलं नाही. पनवेलजवळच्या आमच्या प्लायवूडच्या कारखान्यात ती गोंदखात्यात होती. युरिया आणि फॉर्मल्डिहाइडचा तो गोंद लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना फासायचा, ते एकावर एक रचून गरम प्रेसखाली दाबायचे. प्रेस उघडली की अशी वाफ सुटे की नवा माणूस खोकत बाहेर पळायचा. मी ऑफिसात होते, माल पाठवण्याचं काम बघायचे.

मावशी उरणकडच्या खाडीकाठची कोळीण. रोज अंबाड्यात अबोली माळून यायची. "इथे कुठे फुलं शोभतात, मावशी?" कुणी म्हटलं तर म्हणे, "जागा शेठची हाय, डोकं माजं हाय."

एका उन्हाळ्यात प्रेसवरचे वाफ ओढणारे पंखे बंद पडले. शेठ रोज 'उद्या बघू' म्हणत. एक दिवस मावशीची गोंदखात्यातली जोडीदारीण सुनंदा श्वास कोंडून खाली कोसळली. मावशीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परत आली, ताज्या गोंदाची बादली उचलली आणि सरळ शेठच्या केबिनमध्ये शिरली. एसीमुळे खिडक्या बंद होत्या. तिने झाकण काढून बादली टेबलाजवळ ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

"हे काय चाललंय?" शेठनी विचारलं.

"पंख्याचं बोलाया आले. आमी दिसभर ह्याच वासात बोलतो, तुमी जरा वेळ बोला."

शेठनी नाकाला रुमाल लावला. "बाहेर जाऊन बोलू."

"बाहेर तुमाला आमचं आयकू येत नाय."

दारात उभ्या उभ्या माझे डोळे चुरचुरू लागले. शेठनी तिथूनच इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

पंखे फिरू लागले आणि महिनाअखेरीस मावशीला काढलं. माफी मागितली तर ठेवून घेऊ, हा शेठचा निरोप मीच तिला दिला.

"कसली माफी? पंखे मागितले त्याची? मंग आदी पंखे काडा," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघाली. पुढे पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसली. कारखान्याकडे फिरकली नाही.

पुढच्या वर्षी पंखा पुन्हा अडकला. सुनंदाने कुणाला न विचारता प्रेस बंद केली. शेठ तावातावाने आले.

"पंखा लागंल तवा प्रेस लागंल," ती म्हणाली, आणि बाकीच्या बायकांनीही हातमोजे काढून ठेवले.