सुमतीकाकूंचं दार

सुमतीकाकूंच्या दाराला दिवसा कडी म्हणून नसायची. कलकत्त्यात बालीगंजच्या त्या इमारतीत मी वरच्या मजल्यावर, त्या खाली. जिन्यात पाऊल वाजलं की आतून हाक यायची, "आलास का? पाय धू आधी!" कोण आलंय ते बघायचं नंतर. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा मुकाट्याने पाय धुऊन आला होता.

काकू जन्मापासून कलकत्त्याच्याच, माहेर बागबाजारला. काका नागपूरहून बदली होऊन आलेले सरकारी अधिकारी. मूलबाळ नव्हतं. शेजारचा खोकन लहानपणापासून यांच्याच स्वयंपाकघरात. काकूंना तो माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचा आणि आमटीभात असा ओरपायचा, की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

बी.ए. होऊन खोकन घरी बसला. त्या वर्षांत कलकत्त्यात नोकरी कुठली! काकांनी ऑफिसात चिकटवून देण्याचा शब्द दिला होता. जागा निघाली, तेव्हा मात्र नागपूरहून भाच्याला बोलावून घेतलं. आपल्या माणसाचं बघितलं, झालं! खोकनला कळलं तसा तो तडक आत आला. काकू पेरू चिरत होत्या, काका समोरच बसले होते. शब्दाने शब्द वाढला, आणि त्याने ताटलीतला चाकू उचलून काकांवर चालवला. काकांचा उजवा हात कायमचा अधू झाला.

चाकू घेऊन घरात घुसला, असं पोलिसांनी लिहिलं. काकाही कोर्टात तेच बोलले. काकूंची साक्ष झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "चाकू माझा होता. आणि घुसला कसला? त्याला आमच्याकडे यायला कधी विचारावं लागलं नाही."

तरी खोकनला पाच वर्षांची शिक्षा झाली. काका भडकले, "तू माझी बायको की त्याची आई?"

"तुमचा हात मला रोज दिसतो हो," काकू म्हणाल्या. "पण खोटं कसं बोलू?"

हायकोर्टात अपील लागलं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. खोकनच्या वकिलाने काकूंची साक्षच वाचून दाखवली. घरात घुसल्याचा गुन्हा टिकला नाही. चाकू मारल्याचा टिकला, पण भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं न्यायमूर्ती म्हणाले. काकूंना इंग्रजी बेताचंच. "सोडला का गं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, तशा पदर तोंडाला लावून रडल्या. मग म्हणाल्या, "चल बाई, यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत."

खोकन सुटून आला त्या दुपारी मी काकूंकडेच होते. जिन्यात पावलं वाजली. "आलास का? पाय धू आधी!" काकूंनी सवयीने हाक मारली. आत कोणीच आलं नाही. बघते तर खोकन उंबऱ्याबाहेर उभा, निम्मा झालेला.

"माशीमा, आत येऊ?"

आतल्या खोलीत काका बसले होते. काकूंनी तिकडे पाहिलं, खोकनकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण ये म्हणवेना. त्याने वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो जिना उतरून गेला. पुन्हा आला नाही.

काका निवृत्त झाल्यावर दोघं नागपूरला गेली. तिथे काका वारले, मग काकूही अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. माझी पावलं ऐकून त्या धडपडत उठायला लागल्या.

"ये रे, ये," म्हणाल्या, "विचारतोस काय!"

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. मी कोण, ते सांगितलं नाही.