मधलं कुठे जातं?

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी तोंडावर हसणारी बाई. कोपरीत राहते, डोकं ठिकाणावर आहे. तरी हे लिहितेय... कारण माझा नाइलाज झालाय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझा धाकटा भाऊ मिलिंद विठ्ठलवाडीला राहतो, कल्याणला रिक्षा चालवायचा. दीड वर्षापूर्वी मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण त्याला हलणारं काही दिसेना. दिसतं सगळं — पण फोटोसारखं. "ताई, बस तिथे असते, मग एकदम इथे. मधलं कुठे जातं गं?" रिक्षा सुटली. चहा ओततानासुद्धा बिचारा एक-दोन-तीन मोजतो, नाहीतर कप भरून खाली वाहतो.

ठाण्यात एका ठिकाणी यावरच संशोधन चाललेलं. डोक्याला चुंबकाचे ठोके देऊन हालचाल दिसणं क्षणभर बंद पाडायचं आणि तपासायचं. मिल्याला त्यांनी घेतलं नाही, फिट येईल म्हणे. धडधाकट माणसं हवी होती. संशोधन करणाऱ्या मॅडमशी ओळख तरी होईल म्हणून मीच नाव दिलं. घरी कुणाला बोलले नाही.

स्क्रीनवर ठिपके सरकत होते. डोक्यामागे चुंबकाची कॉइल — टक टक टक... आणि ठिपके जागच्या जागी! दोन-चार सेकंद. मग परत चालू.

बाहेर आले तर मिल्याचा फोन. रडत होता.

"ताई, सुजू चालली! माझ्याकडे आली गं... पावलं दिसली मला, दोन-चार सेकंद!"

सुजू त्याची मुलगी, तेरा महिन्यांची. तोवर बापाला ती भिंतीपाशी दिसायची, मग थेट मांडीवर. आणि आत माझे ठिपके थांबले होते, तेही तेवढेच सेकंद.

पुढच्या खेपेला त्याला एवढंच म्हटलं, "आज असं परत दिसलं तर मोबाइलमधली वेळ लिहून ठेव." त्याने अकरा वेळा लिहिली. मॅडमच्या कॉम्प्युटरवर ठोक्यांच्या अकरा वेळा... मिनिटाला मिनिट! मॅडमनी कागद दोनदा ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "योगायोग असेल हो. आणि तसाही आमचा अभ्यास आज संपलाय."

पाया पडले मी त्यांच्या. म्हटलं, ठोके वाढवा, माझं कायमचं बंद पडलं तरी चालेल! "असं नाही करता येत," म्हणाल्या. बरोबर असेल त्यांचं. पण माझा जीव तुटतो त्याचं काय?

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. खरं सांगू, कारण मला नकोच आहे — असं यंत्र आणखी कुठे असेल तर तेवढं सांगा. मी येते.

काल सुजू पहिल्यांदा धावली. मिल्याने विचारलं, "कशी धावते गं?" मी सांगायला लागले — दोन्ही हात वर, फ्रॉक उडतोय, डुलत डुलत...

"थांब ताई," तो डोळे मिटून म्हणाला, "जरा हळू सांग."