पदरचं वाक्य

वैद्य सर इंग्रजीचा शब्द कधी एकटा शिकवत नसत. एक शब्द फळ्यावर आला की त्याचे भाऊबंद मागोमाग आलेच. माणूस ओळखायचा तर त्याच्या घरच्यांसकट ओळखावा, असं म्हणायचे. मग प्रत्येकाने त्या शब्दांची वाक्यं करायची. कुणी पुस्तकातलं वाक्य दिलं की सर लगेच थांबवत. "उसनं नको. पदरचं वाक्य दे." पदरचं म्हणजे आपल्या घरातलं, आपल्या शिवारातलं, आणि खरं.

बहात्तरच्या दुष्काळात सोनईच्या आमच्या शाळेत मुलं इतकी कमी झाली, की दहावी-अकरावी एकाच वर्गात बसू लागली. मी दहावीत होते. सुमन अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला. एकदा सरांनी एक्स्पेक्ट, होप आणि विश असे तीन शब्द लिहिले. ठरलेली एसटी येईल, हे एक्स्पेक्ट. एसटी चुकली तरी एखादा ट्रक मिळेल, हे होप. गेलेली आई आज असती तर, हे विश. "तिघी सख्ख्या बहिणी, पण एकीचं आवतण दुसरीला देऊ नका." सुमन उठून म्हणाली, "आय एक्स्पेक्ट टू पास मॅट्रिक." होप का नाही, असं सरांनी विचारलं. "अभ्यास केलाय, सर." सर इतके खूश झाले, की पुढच्या तासालाही तेच सांगत बसले.

दिवाळीनंतर सुमनची विहीर आटली आणि ती घरच्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सर रविवारी सायकल मारत तिथे जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत तिला शिकवायचे. माझी आई त्याच कामावर होती. पुढचं तिनं पाहिलेलं. परीक्षा तोंडावर आली तेव्हा सुमनचा बाप म्हणाला, "सर, परीक्षेला गेली तर तिची हजेरी बुडंल. वाटची सुकडी बी जाईल. घरात बारकी पोरं हायेत." सुकडी म्हणजे कामावर मिळणारं कोरडं खाणं, त्यावरच घरं चालली होती. सरांनी आपल्या घरचे दाणे देऊ केले. फुकटचं आमी खात न्हाई, असं म्हणून बापानं नाकारले. मग सर सुमनच्या जागी हातोडा घेऊन बसले. तेवढे दिवस मी फोडतो, म्हणाले. हाताला फोड आले तरी उठेनात. मुकादम माणूस चांगला होता. त्यानं हात जोडले. "सर, तुमचं नाव हजेरीपटावर न्हाई. मी तरी काय करू?" सुमन मान खाली घालून खडी फोडत राहिली. ती परीक्षेला बसली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण तोवर सुमनचं लग्न होऊन गेलं होतं. आमच्या अकरावीच्या वर्गात ते तीन शब्द पुन्हा आले. सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मी वाक्य सांगायला उठले, तर त्यांनी हातानंच मला बसवलं. गाईडात आहेत तीच वाक्यं पाठ करा, म्हणाले. त्यानंतर त्यांनी पदरचं वाक्य कुणाकडेच मागितलं नाही. ते बरीच वर्षं शिकवत राहिले, पण आमचे सर त्या तासाला गेले ते गेलेच. मला अजून त्याचं रडू येतं.

सर वारल्याचं सुमनला मीच सांगितलं, नेवाशाच्या बाजारात. ती मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. त्यांचं काही आठवतं का गं, असं मी विचारलं.

"ते तीन शब्द हायेत की ध्यानात," ती मेथीवर पाणी मारत म्हणाली. "त्यातलं पहिलं दोन मला कधी लागलंच न्हाईत."