खांबेट्यांचे वाकडे चेहरे

जिना चढून वर आलं की खांबेटे दारातूनच ओरडायचे, "मी आलो गं!" आवाज असा खणखणीत, की समोरच्या फ्लॅटमधल्या मिश्राजींना वाटायचं, या मराठी माणसाला रोज लॉटरी लागते की काय. कसली लॉटरी! एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात औषधं आणि तोरई, म्हणजे आपली दोडकी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. शेवटच्या वळणावर ते थांबायचे, श्वास जागेवर आणायचे, घसा खाकरायचे आणि मग तो आवाज लावायचे. लावावाच लागायचा. गेल्या दोन वर्षांपासून बायको त्यांना चेहऱ्यानं ओळखत नव्हती.

वेड लागलं नव्हतं, विसरही पडला नव्हता. मेंदूच्या मागच्या बाजूला गुठळी अडकली, मंजिरी काही दिवस दवाखान्यात राहिली, आणि हातपाय, बोलणं, स्वयंपाक, सासरच्यांनी मारलेले जुने टोमणे, सगळं जसंच्या तसं घेऊन घरी परत आली. गेले ते फक्त चेहरे. नाक दिसायचं, डोळे दिसायचे, पण सगळं मिळून माणूस कोण ते उमटायचंच नाही. अगदी आरशातलासुद्धा. आवाज ऐकला की मात्र पट्‌कन ओळखायची, म्हणून खांबेटे सारखे बोलत राहायचे. एकदा खोकल्यानं त्यांचा घसा बसला, तर तिनं साखळी लावून फटीतूनच विचारलं, कौन चाहिए भैया? हे घोगऱ्या आवाजात सांगतायत, अगं मी, मी आहे, आणि ती घाबरून दार लोटून घेतेय. मिश्राजींनी येऊन साक्ष दिली तेव्हा कुठे गृहस्थ स्वतःच्या घरात शिरले. तेव्हापासून कानाला खडा. आत काय वाट्टेल ते होवो, आवाज पडू द्यायचा नाही.

बाहेर त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. लखनौत मराठी घरं ती किती! एकाला कळलं की 'मंजिरीचं डोकं फिरलं' एवढंच सगळीकडे होईल, अशी त्यांना धास्ती. नको तिथे शहाणपणा केला, दुसरं काय. त्याची शिक्षा मंजिरीला मिळाली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी.

बायका आलेल्या होत्या. खांबेट्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राची बायको स्वप्ना, तीही आली होती, पण स्वयंपाकघरात मदतीला. आदल्या वर्षीच तिचा नवरा गेला होता, आणि कुणी काही म्हणो न म्हणो, अशा दिवशी ती स्वतःच बाहेर बसत नसे. वड्यांचं ताट घेऊन ती तोंडातून शब्द न काढता बाहेर आली. मंजिरीला वाटलं, कुणी नवी सून दिसतेय, लाजतेय बिचारी. तिनं हात धरून तिला पाटावर बसवलं आणि ठसठशीत हळदीकुंकू लावलं. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. स्वप्ना तशीच आत गेली, पर्स घेतली आणि घरी निघून गेली. कोण होती ती, हे कळल्यावर मंजिरी जी अंथरुणावर जाऊन पडली, ती बायका गेल्यावरही उठली नाही. त्या दिवसापासून तिनं माणसांत जाणं सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, गच्चीवरसुद्धा नाही. "मला लाज वाटते हो," एवढंच म्हणायची. खांबेट्यांना ते ऐकवत नसे.

आता या गृहस्थांच्या हातात एक गोष्ट होती, ती म्हणजे पेन्सिल. जन्म गेला मानक नगरला, रेल्वेच्या संशोधन संस्थेत डब्यांची ड्रॉइंग्ज काढण्यात. संध्याकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून माणसांचे चेहरे काढायचे, तेही तसेच, मोजून मापून. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक साहेबाला यांनी काढलेलं चित्र भेट मिळायचं आणि सगळे म्हणायचे, वाह, बिल्कुल फोटो! यांची छाती फुगायची. लहानपणी ऋषभनं, म्हणजे मुलानं, शाळेच्या वहीत मास्तरांचं वांग्याएवढं नाक काढलं, तेव्हा बापानं ते पान फाडून टाकलं होतं. चित्रात लबाडी चालणार नाही म्हणाले. तिसरीतल्या पोराला!

तेव्हा त्यांनी आपल्या स्वभावाला धरूनच उपाय काढला. समाजातल्या सगळ्यांचे चेहरे काढायचे, म्हणजे मंजिरीला पाठ करता येतील. काढले. प्रत्येकाचा एक समोरून, एक बाजूनं, मधून मध्यरेषा आखून, अगदी रेल्वेच्या शिस्तीत. मंजिरीनं तो गठ्ठा चाळला आणि म्हणाली, "अहो, ही माणसं आहेत की डबे?" ती कित्येक दिवसांत पहिल्यांदाच हसली होती, पण ओळखलं मात्र एकालाही नाही.

मग एका दुपारी ते मेट्रोनं हजरतगंजला गेले, तिथल्या दुकानातून मेंदूवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले आणि वाचायला बसले. वाचणं म्हणजे काय, फूटपट्टी लावून ओळीओळीखाली रेघा. डुलक्या येत, कूलरच्या वाऱ्यानं पानं उलटत, मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठावं लागे. पुढचं वाचताना मागचं निसटे. तरी माणूस चिकट. आणि वाचता वाचता त्यांच्या असं लक्षात आलं, की आपण जन्मभर ज्याचा अभिमान मिरवला, ते मेंदूच्या गावीही नाही. मेंदू फोटो ठेवतच नाही. हा माणूस चारचौघांपेक्षा कुठे वेगळा आहे, तेवढंच तो धरून ठेवतो. म्हणून तर वेडंवाकडं व्यंगचित्र कधीकधी नीटस चित्राच्याही आधी ओळखू येतं. खांबेट्यांनी पुस्तक मिटलं. त्यांना ते फाडलेलं पान आठवलं आणि फार वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात होती. माणूस कोण हे ओळखण्याची वाट वेगळी आणि त्याचा चेहरा हसरा की रडका हे कळण्याची वाट वेगळी, एक बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते. त्याच्या खालीही त्यांनी रेघ मारली, पण ते आपल्या उपयोगाचं नाही असं समजून पुढे गेले.

वाकडं काढायला हात तयार होईना. सवय का अशी जाते! स्वप्नावहिनींची एक भुवई दुसरीपेक्षा वर असते, हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, पण सभ्यपणानं प्रत्येक चित्रात त्यांनी ती खाली आणली होती. आता ती केसांपर्यंत चढवायची म्हणजे घाम फुटला. खोडलं, काढलं, परत खोडलं. हनुवटीवरची खळी विहिरीसारखी खोल केली. हे करताना त्यांना जाणवलं, की या बाईकडे आपण नीट असं कधी पाहिलंच नव्हतं, फक्त मोजलं होतं. चित्र झालं तेव्हा ते भयंकर दिसत होतं आणि हुबेहूब स्वप्नाचं होतं. आधी त्यांनी ती भुवई आणि खळी कुणाची ते मंजिरीला सांगितलं. मग रोज नवनव्या चित्रांत मिसळून दाखवलं. कधी जमे, कधी साफ फसे. आपण एका आजारी बाईला शाळेत बसवलंय असं वाटून ते कित्येकदा कंटाळले. शेवटी एकदा ती गठ्ठा चाळता चाळता थांबली आणि सहज म्हणाली, ही स्वप्ना.

मग त्यांनी स्वप्नाला फोन करून सगळं खरं सांगितलं. हे वर्षभर आधी करायचं, पण असो. ती दुसऱ्याच दिवशी ई-रिक्षा करून आली आणि सांगितल्याप्रमाणे दारात गप्प उभी राहिली. मंजिरीनं तिच्या कपाळाकडे पाहिलं, हनुवटीकडे पाहिलं.  म्हणाली, "ये स्वप्ना." दोघी बराच वेळ हातात हात घेऊन बसल्या. त्या दिवसाचं काय ते मंजिरी बोलायला गेली, तर स्वप्ना म्हणाली, "सोड गं. किती दिवसांनी कुणीतरी कपाळाला हात लावला होता. म्हणून मला तिथे थांबवेना." चित्र तिलाही दाखवलं. एवढी भुवई माझी, म्हणून तिनं डोळे मोठे केले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. निघताना तिनं विचारलं, भावजी, सगळ्यांची काढलीत, तुमचं कुठाय?

हेच तर खांबेट्यांच्या मनात होतं. सगळी खटपट खरं म्हणजे त्यासाठीच चालली होती. एकदा, फक्त एकदा, काही न बोलता घरात यावं आणि बायकोनं मान वर करून म्हणावं, आलात? बस. एवढी एकच इच्छा उरली होती, आणि ती कुणाला सांगताही येत नव्हती. ऋषभ बंगळूरहून फोनवर सारखा म्हणे, "बाबा, कोई केयरटेकर रख लीजिए ना, आप थक जाएँगे." हे त्याच खणखणीत आवाजात सांगायचे, अरे छान चाललंय आमचं. पोरगा फोन ठेवायचा. हे भांड्यांकडे वळायचे.

बेसिनवरच्या आरशासमोर ते स्टूल ओढून बसले. आपल्यात वेगळं काय? काही सापडेना. नाक चारचौघांसारखं, कान चारचौघांसारखे. चेहरा कितीही वेळा काढला, तरी तो सरकारी पासावरच्या फोटोसारखा निघे. शेवटी कंटाळून चष्मा काढला. अंधूक दिसायला लागलं, तेव्हा जे उरलं तेच काढलं, आणि आता शिकलेल्या सवयीनं वाढवून काढलं. डोळ्यांखालच्या पिशव्या गालावर उतरल्या. ओठांची टोकं हनुवटीकडे ओघळली. मान खांद्यांत बुडाली. हे कोण, असं त्यांनाही क्षणभर वाटलं. पण खोडलं नाही.

दुपारी चहा झाल्यावर त्यांनी तो कागद गठ्ठ्यात मिसळला आणि मंजिरीपुढे ठेवला. ती एकेक उचलत गेली. ही स्वप्ना. हे कुलकर्णी, कानावरून. हे आपले मिश्राजी. मग तो कागद हातात आला. खांबेटे टेबलाची कड धरून बसले होते.

"हे कोण? नवीन दिसतायत."

"ओळख बघू."

तिनं कागद जवळ धरला, लांब धरला. कपाळ पाहिलं, कान पाहिले, शिकवलं होतं तसं सगळं क्रमानं पाहिलं. मग मान हलवली.

"नाही हो. पण फार दमलेत हे. बघा ना, किती दिवसांचे झोपले नसतील. यांच्या घरी कुणी नाही का यांच्याकडे बघायला?"

खांबेट्यांनी तोंड उघडलं. तो खणखणीत आवाज लावायचा होता, अगं वेडे, मीच की तो, असं हसत म्हणायचं होतं. आवाज लागेना. दोन वर्षं रोज जिन्यावर लागलेला, आज लागेना. जो उरला होता त्यातच ते म्हणाले, "मी आहे गं तो."

मंजिरीनं हा आवाज कधी ऐकला नव्हता. ती दचकली, पण या वेळी तिनं दार लोटलं नाही. तिनं चित्राकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, मग परत चित्राकडे. हा नवरा आहे हे तिला त्या चेहऱ्यावरून आजही कळत नव्हतं. त्याचं काय झालंय, ते मात्र सगळं कळत होतं.

"मला वाटायचं, तुम्ही मजेत आहात," ती म्हणाली. "आवाजावरून."

खांबेट्यांना रडू आलं. साठी उलटलेला माणूस, डायनिंग टेबलावर डोकं टेकून रडला. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मग उठून आतल्या पलंगावर चादर घातली आणि त्यांना पडायला लावलं. भाजी मी चिरते म्हणाली. ते नको नको म्हणत होते आणि त्यांचे डोळे मिटत होते.

तेवढ्यात बेल वाजली. सवयीनं ते उठायला गेले, कारण दार उघडायचं काम त्यांचंच होतं, ती कधीचीच दाराजवळ जात नसे. बाहेरच्या खोलीतून तिची चप्पल ऐकू आली. साखळी वाजली.

"मुझे चेहरे याद नहीं रहते भैया," मंजिरी दारात सांगत होती. "आप कौन हैं, बता दीजिए. और धीरे बोलिए, अंदर हमारे ये सो रहे हैं."